अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला म्हणून सिगरेट निर्दोष ठरत नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा मोठा भाऊ 58 वर्षांचा आहे, 35 वर्षं रोज एक पाकीट म्हणजे 20 सिगरेटी ओढतोय. खोकला जाईना म्हणून सीटी स्कॅन केला, मग बायोप्सी, आणि उजव्या फुफ्फुसात अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पसरलेला नाहीये, ऑपरेशन करता येईल असं डॉक्टर म्हणाले. पण नात्यातल्या एकांनी सांगितलं की हा प्रकार सिगरेट न ओढणाऱ्यांना होतो, सिगरेटचा कॅन्सर वेगळा असतो. तेव्हापासून दादा म्हणतो, मग आता सोडून काय उपयोग? वहिनी त्याच्यावर दिवसभर चिडलेली असते आणि दादा कुणाशी बोलत नाही. मी स्वतः 44 चा, 22 वर्षं रोज साधारण 8 ओढतो, त्या पण लाइट. छातीचा एक्स-रे काढला तो क्लीन आला, आणि फुफ्फुसासाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतो. खरं काय ते सांगा, आणि घरात काय बोलू ते पण सांगा.
— धाकटा भाऊ

उत्तर:

भाऊ, तुमच्या नातेवाइकांनी जे सांगितलं त्यात अर्धी गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच ती जास्त नुकसान करतेय. कधीच सिगरेट न ओढलेल्या माणसाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तर तो बहुतेक वेळा अ‍ॅडिनोकार्सिनोमाच असतो, हे बरोबर. पण याचा अर्थ अ‍ॅडिनोकार्सिनोमा सिगरेटमुळे होतच नाही, असा नाही हो. सिगरेट ओढणाऱ्यांमध्येसुद्धा आज कितीतरी देशांत हाच प्रकार सगळ्यात जास्त सापडतो. 35 वर्षं रोज एक पाकीट ओढलेल्या माणसाच्या रिपोर्टवर हा शब्द आला म्हणून सिगरेटचा संबंध नाही असं म्हणणं चूक आहे, आणि तेवढ्या एका चुकीपायी दादा पुढची सिगरेट पेटवतायत, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रकार समजून घ्या. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ढोबळ दोन गट, स्मॉल सेल आणि नॉन-स्मॉल सेल. शंभरातले साधारण 85 नॉन-स्मॉल सेल गटातले. त्यात मुख्य तीन, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि लार्ज सेल. लार्ज सेल कमी दिसतो, तो सोडून देऊ.

स्क्वॅमस हा मोठ्या श्वासनलिकांच्या आसपास होतो, म्हणजे फुफ्फुसाच्या मधल्या भागात. या नलिकांना आतून बारीक केसांसारख्या तंतूंचं अस्तर असतं, ते तंतू सतत हलून कफ आणि धूळ वर ढकलत असतात. रोज गरम धूर आला की हे अस्तर टिकत नाही, त्याच्या जागी चपट्या, जाड पेशींचा थर तयार होतो, हा शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला बदल असतो, पण त्याच थरात पुढे बिघाड वाढत वाढत काही जणांत कॅन्सर होतो. नलिकेतच गाठ असल्यामुळे खोकल्यातून रक्त पडणं, किंवा नळी बंद होऊन त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं, अशी लक्षणं यात जास्त दिसतात.

स्मॉल सेल हा बहुतेक करून मधल्याच भागात होतो पण स्वभावाने सगळ्यात वाईट. फार भराभर वाढतो, सापडतो तेव्हा बहुतेकांच्या शरीरात पसरलेलाच असतो, त्यामुळे ऑपरेशनची वेळ क्वचितच येते, केमो आणि रेडिएशनने सुरुवातीला गाठ छान आकसते पण बऱ्याच जणांत परत येते. त्याच्या पेशी हार्मोनसारखे पदार्थ सोडतात, त्यामुळे कधी कधी रक्तातलं सोडियम एकदम खाली जातं आणि माणूस आधी गोंधळल्यासारखा वागतो, छातीची तक्रार नंतर कळते. हा कॅन्सर सिगरेट कधीच न ओढलेल्या माणसाला होणं अगदी विरळ.

आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा होतो फुफ्फुसाच्या बाहेरच्या कडेच्या बाजूला, बारीक नळ्या आणि हवेच्या पिशव्या असतात तिथे. तिथे जागा मोकळी, आणि फुफ्फुसाच्या आत दुखण्याची जाणीव करून देणाऱ्या नसा जवळपास नसतात, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत माणसाला काही कळत नाही. दादांचा पसरायच्या आत सापडला ही त्यातल्या त्यात खरंच चांगली बातमी आहे, ती घरात कुणी मोठ्याने बोललंय का?

आता संबंध किती हा तुमचा मुख्य प्रश्न. युरोप आणि कॅनडातल्या बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून 2012 मध्ये एक मोठा पेपर आला होता. रोज 30 पेक्षा जास्त सिगरेटी ओढणाऱ्या पुरुषांची कधीच न ओढलेल्यांशी तुलना केली तर धोका स्मॉल सेलचा साधारण 111 पट, स्क्वॅमसचा 103 पट आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा जवळपास 22 पट निघाला. हे आकडे नीट बघा. "अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा सिगरेटशी संबंध कमी" हे वाक्य इथूनच आलंय, 111 च्या शेजारी ठेवलं की 22 लहान दिसतात एवढंच. एरवी कुठल्याही औषधाने एखादा आजार 22 पट वाढतो असं कळलं असतं तर ते औषध दुसऱ्या दिवशी बाजारातून गेलं असतं.

दुसरी गोष्ट, जी मला वाटतं तुम्ही स्वतःसाठी नीट वाचायला हवी कारण तुम्ही लाइट ओढता. 1950 च्या आसपास सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये स्क्वॅमस हाच मोठा प्रकार होता आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा त्या मानाने कमी. त्याच सुमाराला संबंध सिद्ध व्हायला लागला, 1950 मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांचा पेपर आला, त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांचा. लोक घाबरले, आणि कंपन्यांनी फिल्टरवाल्या सिगरेटी पुढे आणल्या, मग कमी टारवाल्या (टार म्हणजे धुरातला चिकट काळा पदार्थ), मग लाइट आणि माइल्ड. फिल्टरभोवती डोळ्याला धड दिसणारही नाहीत अशी बारीक भोकं ठेवली, मशीनने मोजलं की त्या भोकांतून हवा आत जाऊन धूर पातळ व्हायचा आणि टारचा आकडा कमी यायचा. पण माणूस म्हणजे मशीन नाही ना. त्याच्या मेंदूला ठराविक निकोटिन हवंच असतं, मग तो नकळत ओठांनी किंवा बोटांनी ती भोकं झाकतो, जास्त जोरात ओढतो, धूर खोलवर नेतो आणि जास्त वेळ आत धरतो. आधी जो धूर मोठ्या नळ्यांपाशी जास्त बसायचा तो आता अगदी कडेपर्यंत पोचायला लागला, आणि कडेलाच अ‍ॅडिनोकार्सिनोमा होतो. त्यात तंबाखूत नायट्रोसअमाइन नावाचे घटक असतात, त्यातला एक, एनएनके, प्राण्यांवरच्या प्रयोगांत फुफ्फुसात नेमका हाच कॅन्सर करतो, आणि बदललेल्या मिश्रणांमुळे धुरात या घटकांचं प्रमाणही वाढलं. 2014 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या, अहवालाने सरळ निष्कर्ष काढला की 1950 नंतर सिगरेटची रचना आणि घटक बदलले त्यामुळेच ओढणाऱ्यांमध्ये अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा धोका वाढला. म्हणजे तुमचे नातेवाईक ज्याला "सिगरेटचा नसलेला कॅन्सर" म्हणतायत तो सिगरेटच बदलल्यामुळे वाढलाय. लाइट या शब्दाखाली लोकांना फसवलं गेलं याचा मला खरोखर राग येतो, आणि अमेरिकेत 2010 पासून पाकिटावर लाइट, माइल्ड असे शब्द छापायला बंदी आहे ती याचमुळे.

धूर पेशीत नेमकं काय करतो ते थोडक्यात सांगते, कारण "आमचे आजोबा 90 वर्षांचे होईपर्यंत ओढत होते" वाल्यांना हेच माहीत नसतं. धुरात 7000 च्या वर रसायनं असतात, त्यातली 70 च्या आसपास कॅन्सर करणारी म्हणून ओळखली गेलीत. त्यातलं एक बेंझोपायरिन. शरीर त्याला बाहेर टाकण्यासाठी त्यात बदल करायला जातं आणि त्या बदलातच ते जास्त घातक होऊन डीएनएला चिकटतं. 1996 मध्ये असं दाखवलं गेलं की ते पी-53 नावाच्या जीनवर जिथे जिथे चिकटतं, साधारण त्याच जागी फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात. पी-53 चं काम बिघडलेल्या पेशीला थांबवणं. पहारेकरीच गेला की पुढचे बिघाड साठत राहतात. 2016 च्या एका अभ्यासाचा हिशोब असा की वर्षभर रोज एक पाकीट ओढलं तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 म्युटेशन्स, म्हणजे डीएनएतले बिघाड, वाढतात. कुठल्या माणसाच्या कुठल्या पेशीत नेमका नको तो बिघाड होणार हे सांगता येत नाही, म्हणून एखादे आजोबा वाचतात आणि दुसरं कुणीतरी 50 ला जातं.

न ओढणाऱ्यांचा कॅन्सर अर्थातच खरा आहे. दुसऱ्याचा धूर, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, अ‍ॅस्बेस्टॉस, हवेचं प्रदूषण, घरात आधी कुणाला हा कॅन्सर झालेला असणं, अशी कारणं असतात आणि काही वेळा काहीच कारण सापडत नाही. त्या लोकांना "तुम्ही ओढत असाल" असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पण त्यांचं उदाहरण दादांच्या सिगरेटीला निर्दोष ठरवण्यासाठी वापरू नका.

आता दादा म्हणतात "सोडून काय उपयोग". भाऊ, उपयोग आहे आणि तो मोजलेला आहे. रशियात 517 पेशंटवर झालेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातल्या नॉन-स्मॉल सेलचे, म्हणजे दादांच्याच गटातले, आणि निदान झालं तेव्हा सगळे सिगरेट ओढणारे. निदानानंतर ज्यांनी सोडली ते न सोडणाऱ्यांपेक्षा सरासरी जवळपास 22 महिने जास्त जगले. 22 महिने! त्याशिवाय ऑपरेशनच्या आधी सोडली तर नंतर न्यूमोनियासारख्या अडचणी कमी होतात, जखम नीट भरते, आणि पुढे दुसरा नवीन कॅन्सर होण्याचा धोकाही कमी होतो. आणखी एक बारीक गोष्ट, काही गोळ्या, उदाहरणार्थ एर्लोटिनिब, सिगरेट ओढणाऱ्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडते त्यामुळे रक्तात औषध कमी राहतं. दादांनी अजून सोडली नसेल तर सर्जनना ते स्पष्ट सांगा, लपवू नका, आणि सोडण्यासाठी औषध मागा. निकोटिनचे पॅच, च्युइंगम, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, यातलं कुठलं चालेल ते डॉक्टर ठरवतील. 35 वर्षांचं व्यसन नुसत्या रागावण्याने सुटत नाही, त्यात ऑपरेशनची भीती डोक्यावर असताना तर नाहीच.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, बायोप्सीच्या तुकड्यावर जीन टेस्ट केली का? ईजीएफआर, एएलके, आरओएस-1, केआरएएस या जीनमधले बिघाड त्यात बघतात, आणि जोडीला पीडी-एल-1 हे प्रोटीन. न ओढणाऱ्यांच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात ईजीएफआर आणि एएलके जास्त सापडतात, ओढणाऱ्यांमध्ये केआरएएस जास्त, पण हा नियम पक्का नाही, ओढणाऱ्या माणसातही ईजीएफआर सापडू शकतो, म्हणून "हे तर स्मोकर आहेत, कशाला टेस्ट" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. काही बिघाडांवर नेमकी गोळी मिळते आणि ऑपरेशननंतरचा प्लॅन त्यावर बदलू शकतो. प्रकार कुठला हे कळण्याचा खरा उपयोग इथे आहे, उपचार ठरवायला.

आता तुमच्याकडे येते. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं पाकीट काढा आणि त्यात बीटा-कॅरोटिन आहे का बघा. असेल तर आजच बंद करा. फिनलंडमध्ये 29 हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली होती, बीटा-कॅरोटिनने कॅन्सर टळेल या आशेने. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला, आणि नंतर अमेरिकेतल्या ट्रायलमध्येही तोच धोका दिसल्यावर ती मधेच थांबवावी लागली. सिगरेट चालू ठेवून फुफ्फुस साफ करणारी कुठलीही गोळी, काढा, सिरप अस्तित्वात नाही.

एक्स-रे क्लीन आला त्यावर विसंबू नका. कॅन्सर लवकर शोधायला एक्स-रे कमी पडतो, लहान गाठ बरगड्यांच्या किंवा हृदयाच्या सावलीत लपते. 2011 मध्ये अमेरिकेतली मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली, जास्त ओढणाऱ्यांमध्ये लो-डोस सीटी आणि एक्स-रे यांची तुलना होती, सीटीवाल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी झाले. तुम्ही लगेच सीटी करायला धावा असं मी म्हणत नाहीये. तिथला नियम 50 ते 80 वयाच्या, किमान 20 पॅक-इयर झालेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या 15 वर्षांत सोडलेल्या लोकांसाठी आहे. पॅक-इयर म्हणजे रोज एक पाकीट गुणिले वर्षं. दादांचे 35 होतात. तुमचे रोज 8 म्हणजे 0.4 पाकीट गुणिले 22, साधारण 9. त्या नियमात तुम्ही आज बसत नाही, पण सख्ख्या भावाला झालाय म्हणजे तुमचा धोका थोडा वाढलेलाच धरायचा, म्हणून तुमच्या डॉक्टरांना दादांचा रिपोर्ट दाखवा आणि तपासणी कधी सुरू करायची ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. मधल्या काळात तीन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, कफात रक्त दिसलं, आवाज बसला, उगाच वजन उतरलं तर वाट बघू नका.

"फक्त 8" यानेही मनाचं समाधान करून घेऊ नका. नॉर्वेतल्या अभ्यासात रोज फक्त 1 ते 4 ओढणाऱ्यांमध्येही फुफ्फुसाच्या कॅन्सरने मृत्यूचा धोका पुरुषांत जवळपास तिप्पट आणि बायकांत पाचपट दिसला होता. आणि या कॅन्सरमध्ये रोज किती यापेक्षा किती वर्षं हे जास्त मोजलं जातं. 8 च्या 4 केल्या तरी घड्याळ चालूच राहतं, ते थांबतं फक्त पूर्ण सोडल्यावर. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर 50 वर्षं चाललेल्या अभ्यासात 2004 मध्ये असं दिसलं की सतत ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी 10 वर्षांनी कमी होतं, पण 40 ला सोडणाऱ्यांना त्यातली 9 वर्षं परत मिळतात, 50 ला सोडली तर 6, आणि 60 ला सोडली तरी 3. तुम्ही 44 चे आहात, तुम्हीच बघा कुठे बसता. सोडल्यानंतर साधारण 10 वर्षांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, स्मॉल सेल आणि स्क्वॅमसचा जरा लवकर उतरतो, अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा सावकाश, म्हणून आणखी दोन वर्षांनी बघू असं करू नका. 2020 मध्ये तर असंही सापडलं की सोडलेल्या लोकांच्या श्वासनलिकेत जवळजवळ निरोगी दिसणाऱ्या पेशी ओढत असलेल्यांपेक्षा चारपटीपर्यंत जास्त असतात, म्हणजे कुठेतरी वाचून राहिलेल्या चांगल्या पेशी पुन्हा अस्तर भरून काढतात. मला तरी हे वाचून फार बरं वाटलं होतं.

राहिलं घरातलं. वहिनींचा राग म्हणजे भीती आहे हे तुम्हालाही कळत असेलच. त्या इतकी वर्षं त्याच धुरात राहिल्यात, दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचाही धोका 20 ते 30 टक्के वाढतो, त्यांच्या रागाला कारण आहे, पण दादांना तो राग ऐकून सिगरेट सुटणार नाही, ते फक्त गच्चीवर जाऊन लपून ओढतील. वहिनींना बाजूला घेऊन तुम्ही बोला, हे कशामुळे झालं याचा हिशोब ऑपरेशन होईपर्यंत बंद ठेवू, आत्ता फक्त पुढच्या तारखा, टेस्ट आणि सोडण्याचं औषध एवढंच बोलू, असं ठरवा. आणि दादांना "तू सोड" असं सांगायला जाऊ नका, तुमच्या खिशात पाकीट असताना ते ऐकणारही नाहीत. त्यांना म्हणा, दादा, डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ, दोघांसाठी औषध लिहून घेऊ, एकाच दिवशी बंद करू. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोप न येणं, डोकं दुखणं हे सगळं होईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होईल, मग हळूहळू उतरत जातं. त्या दिवसांत दर संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसा, सिगरेटचा विषय काढला नाही तरी चालेल. मधेच एखादी ओढली गेली तर सगळं फुकट गेलं असं दोघांनीही समजू नका, दुसऱ्या दिवशी परत बंद.

ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ही डॉक्टरांची भेट याच आठवड्यात घ्या, आणि जीन टेस्टचा रिपोर्ट आला की मला जरूर कळवा.